सोलापूरच्या सपाटीवरून सह्याद्रीच्या घाटात: शांत रस्त्यावर सायकल नेण्याआधी आणि नेल्यावर काय करायचं, कोणत्या क्रमानं

अक्कलकोट रोडला, विजयपूर रोडला शंभर किलोमीटर आरामात मारणारा माणूस साताऱ्याला जातो आणि यवतेश्वरच्या घाटात चार-पाच किलोमीटरांतच त्याचे पाय भरून येतात. तो कसाबसा कासला पोचतो, हौसेनं बामणोलीला उतरतो आणि भर दुपारी परतीच्या चढावर सायकल हातात धरून चालायला लागतो. सोलापूरच्या बऱ्याच जणांचं असंच होतं. बहुतेकांना वाटतं, दम कमी पडला. तसं नसतं. गिअर, ब्रेक आणि वेळेचा हिशोब या तीन गोष्टी चुकलेल्या असतात, आणि तिन्ही घरून निघण्याआधीच चुकलेल्या असतात. म्हणून या लेखात अर्ध्याहून जास्त भाग तयारीचा आहे. उदाहरणाला सातारा–कास–बामणोली हाच रस्ता घेतलाय. क्रम मात्र सह्याद्रीतल्या कुठल्याही शांत रस्त्याला लागू पडतो.

टप्पा १: रस्ता निवडताना अंतर नाही, उंची बघा

सपाटीवर आपण किलोमीटर मोजतो. घाटात चढाई मोजायची. सातारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आहे आणि कासचं पठार सुमारे १२०० मीटरवर. बामणोली शिवसागर जलाशयाच्या काठाला आहे. कोयना धरण पूर्ण भरलं की या जलाशयाची पातळी सुमारे ६६० मीटर असते. म्हणजे साताऱ्याहून पाचशे मीटर चढायचं, तेवढंच पुन्हा खाली उतरायचं, आणि येताना तोच उतार चढ होऊन समोर उभा राहतो. जाऊन-येऊन चढाई हजार मीटरच्या वर जाते.

माझा ढोबळ हिशोब असा आहे: दर १०० मीटर चढाईला सपाटीचे ४ किलोमीटर जास्त धरायचे. बामणोलीपर्यंत जाऊन-येऊन सत्तरच्या आसपास किलोमीटर होतात. कागदावर हे सोलापूर–पंढरपूर एवढंच अंतर दिसतं. पायांना मात्र ते एकशे दहाच्या पुढचं पडतं.

पहिल्या खेपेला कासवरूनच मागे फिरा. नाहीतर साताऱ्याहून बोरणे घाटानं ठोसेघर आणि पुढे चाळकेवाडीचं पठार करा. तिथे पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत, वारा अंगावर येतो. पण आपल्याकडच्या माणसाला वाऱ्याची सवय असते. बामणोली दुसऱ्या खेपेला. मेढा–केळघरमार्गे महाबळेश्वर त्याच्याही नंतर. वाई–पाचगणीच्या रस्त्यापेक्षा या बाजूला गर्दी कमी असते. महाबळेश्वरहून तापोळा मात्र सोपा समजू नका. साडेतेराशे मीटरवरून त्याच जलाशयाकाठी उतरायचं म्हणजे परतताना सुमारे सातशे मीटर चढायचं.

दिवस आणि ऋतू हाही रस्ता निवडण्याचाच भाग आहे. फुलांच्या दिवसांत, म्हणजे ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, शनिवार-रविवारी कासचा रस्ता शांत नसतो. तेव्हा जायचंच असेल तर मधला वार धरा. जुलै-ऑगस्टच्या धुवांधार पावसात पहिल्यांदा घाट करू नका. ऑक्टोबरात पाऊस ओसरलेला असतो, पण खड्डे बुजवल्याची सुटी खडी रस्त्यावर पसरलेली असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला.

तपासा: निघण्याआधी रस्त्याचा चढ-उताराचा आलेख बघा आणि सगळ्यात मोठा चढ प्रवासाच्या कितव्या तासाला येतो ते लिहून ठेवा. तो शेवटच्या तासात येत असेल तर रस्ता कमी करा.

टप्पा २: गिअर हलका करून घ्या

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. सोलापूरच्या रस्त्यांवर मागच्या मोठ्या चकतीवर चेन जायची वेळच येत नाही, त्यामुळे आपल्या सायकलचा सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे हेच माहीत नसतं.

गणित सोपं आहे. पुढच्या लहान चकतीचे दाते भागिले मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दाते. येणाऱ्या आकड्याला चाकाच्या घेरानं गुणलं की पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते कळतं. जुन्या धाटणीच्या रोड बाईकला पुढे ३९ आणि मागे २५ असतात. पॅडलच्या एका फेऱ्यात ती सायकल सव्वातीन मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारायचे म्हटले तर ताशी जवळजवळ १२ किलोमीटरचा वेग राखावा लागतो. आठ टक्के चढावर तेवढी ताकद हौशी माणसाकडे फार वेळ टिकत नाही. मग फेरे चाळीसवर येतात, गुडघ्यावर जोर येतो आणि मांडी धरते. पुढे ३४, मागे ३४ असतील तर एका फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटरही जात नाही. तेच ६० फेरे ताशी साडेसात किलोमीटरला मिळतात. वेग कमी, पण माणूस वर पोचतो आणि पोचल्यावर बोलू शकतो.

म्हणून मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, ११-३२ किंवा ११-३४ बसवून घ्या (सगळ्यात लहान चकतीला ११ दाते, सगळ्यात मोठीला ३२ किंवा ३४). ऑर्डर करण्याआधी मिस्त्रीला दोन गोष्टी विचारा: मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) एवढी मोठी चकती घेतो का, आणि चेन वाढवावी लागेल का. छोट्या पिंजऱ्याचा डिरेलर बहुतेक वेळा घेत नाही. हायब्रिड किंवा एमटीबी (डोंगरी सायकल) असेल तर हा खर्च वाचतो. पुढे तीन चकत्या असल्यावर गिअर पुरेसा हलका मिळतोच. घाटासाठी नवी महागडी सायकल घ्यायची गरज नाही. हलक्या फ्रेमपेक्षा हलका गिअर जास्त उपयोगी पडतो.

सावध: कॅसेट बदलल्यावर डिरेलरचा मर्यादेचा स्क्रू (चेन शेवटच्या चकतीपलीकडे जाऊ न देणारा) लावून घेतला नाही, तर सगळ्यात मोठ्या चकतीवर चढवताना चेन पलीकडे, आऱ्यांमध्ये पडते. चढावर उभं राहून जोर लावताना असं झालं तर डिरेलर तुटतो आणि माणूसही पडतो.

तपासा: सायकल स्टँडवर घेऊन हातानं पॅडल फिरवा आणि चेन मोठ्या चकतीवर दहा वेळा चढवा-उतरवा. नंतर बाहेर जाऊन एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर, पायावर जोर असताना तेच करा. स्टँडवर बरोबर पडणारे गिअर जोर आल्यावर कुरकुरतात. ते घरीच कळलेलं बरं.

टप्पा ३: ब्रेक आणि टायर

सपाटीवर ब्रेक सिग्नलपुरता लागतो, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणी पॅड काढून बघत नाही. ते आता काढा. रिम ब्रेकचे पॅड असतील तर त्यांचा पृष्ठभाग उजेडात तिरका धरून बघा. काळ्या रबरात चमकणारे बारीक कण रुतलेले दिसतील. ते रिममधूनच खरवडून निघालेलं ॲल्युमिनियम असतं. टाचणीनं एकेक कण उचकटून काढा, मग पॅड सँडपेपरवर दोन-चार वेळा घासा आणि रिम कोरड्या फडक्यानं पुसा. पॅडवरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर पॅड बदला. डिस्क ब्रेकला पॅडचं मटेरियल एक मिलिमीटरच्या खाली गेलं असेल तर बदला. नवे पॅड थेट घाटात नेऊ नका. वीस-तीस वेळा वेगातून हळूहळू थांबून ते बसवून घ्या. केबलचे ब्रेक असतील तर जुनी, गंजलेली केबल फेकून द्या. तिची किंमत किरकोळ असते.

टायर २८ मिलिमीटरचे असावेत, फ्रेममध्ये बसत असतील तर ३२ आणखी चांगले. हवा ठासून भरायची सवय सोडा. सत्तर किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये ७५ ते ८० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) पुरेत. शंभर-एकशे दहा भरलेला टायर वळणावरच्या खडीवर आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतो. रस्ता ओला असेल तर आणखी पाच पीएसआय कमी करा.

आपल्या भागातली खरी अडचण बाभळीच्या काट्यांची. सोलापूरच्या आसपास रोजची सायकल चालवलेल्या टायरमध्ये मोडक्या काट्यांची टोकं रुतून राहिलेली असतात. सपाटीवर ती ट्यूबपर्यंत पोचत नाहीत. घाटाच्या उतारावर, खड्ड्यात टायर दबला की पोचतात. निघण्याआधी टायर काढून उलटा करा आणि आतून कापसाचा बोळा फिरवा. जिथे कापसाचा धागा अडकेल तिथे काटा आहे. चिमट्यानं ओढून काढा. बोट फिरवून बघू नका, बोटात जाईल.

टप्पा ४: सोलापुरात राहून सराव

किमान पाच-सहा आठवडे हवेत. आपल्याकडे चढ नाही, ही तक्रार अर्धीच खरी आहे. तुळजापूरचा घाट पंचेचाळीसेक किलोमीटरवर आहे. तिथे सरावाला जायचं तर पहाटे, कारण तो राष्ट्रीय महामार्ग आहे आणि उजाडल्यावर ट्रकांची रांग लागते. नवरात्रात आणि कोजागिरीला पायी चालणाऱ्या भाविकांनी रस्ता भरलेला असतो, तेव्हा सायकल घरीच ठेवा. झाडीतल्या रस्त्याचा अंदाज हवा असेल तर बार्शीच्या पुढे येडशीच्या रामलिंग घाटापर्यंत एक दिवस काढा. रविवारचा लांब फेरा मार्डी-नान्नजच्या बाजूला मारा.

आठवड्यात एकदा वाऱ्याच्या विरुद्ध तासभर चालवा. मात्र त्या वेळी गिअर जड न ठेवता हलका ठेवून मिनिटाला ७५-८० फेरे मारा, सीटवर बसून. घाटात हीच हालचाल दोन तास करायची असते. उड्डाणपुलावर वर-खाली दहा वेळा केल्यानं पाय घट्ट होतात, पण दीड मिनिटाचा चढ तासाभराच्या चढाची जागा घेऊ शकत नाही.

उताराचा सराव कुणीच करत नाही, म्हणून तो आवर्जून सांगतो. मोकळ्या मैदानात किंवा सुनसान डांबरी रस्त्यावर खडूची रेघ मारा. ताशी २५ च्या वेगानं या आणि रेघेवर दोन्ही ब्रेक एकदम, पण झटका न देता दाबा. त्याच वेळी अंग सीटच्या मागे सरकवा. कोरड्या रस्त्यावर सहा-सात मीटरांत थांबता आलं पाहिजे. पुढच्या ब्रेकला घाबरून फक्त मागचा दाबणाऱ्याचं अंतर जवळजवळ दुप्पट होतं. पुढचा ब्रेकच सायकल थांबवतो. तो हळूहळू वाढवत दाबायची सवय इथेच लागली पाहिजे.

टप्पा ५: सोबत काय घ्यायचं

दोन ट्यूब, पंक्चरचं किट, टायर लिव्हर, पंप, ॲलन कीचा संच, चेनची एक क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी). मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवायचा, पुढचा धुक्यासाठी. विंडचीटर, पूर्ण बोटांचे हातमोजे. हेल्मेट हवंच. आणि एक सोलापुरी पंचा. घाम, पाऊस, हाताला लागलेलं चेनचं ऑइल, सगळ्याला चालतो.

खाण्याचं मात्र नीट ऐका. चढ चालू असताना दर अर्ध्या तासाला केळं, खजूर किंवा गुळाचा खडा. शेंगापोळी उत्तम, पण तिच्यात दाण्याचं तेल असतं, पचायला वेळ लागतो. ती कासला थांबल्यावर खा. कडक भाकरी आणि शेंगा चटणी परतल्यावर जेवणात. कोरडी भाकरी धापा टाकताना घशाखाली उतरत नाही.

पाणी दोन बाटल्या, त्यातली एक ओआरएसची. सोलापूरच्या कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो आणि अंग थंड राहतं. झाडीतल्या दमट हवेत तो अंगावर तसाच निथळत राहतो, अंग तापत जातं. हिवाळ्यात उलट होतं, तहानच लागत नाही. दोन्ही वेळी घड्याळ बघून प्या.

टप्पा ६: साताऱ्यापर्यंत

सोलापूरहून सातारा दोनशेच्या वर किलोमीटर आहे. रात्रभर गाडी चालवून पहाटे घाटाला लागायचा बेत आखूच नका. आदल्या दिवशी दुपारी निघा, पंढरपूर–म्हसवड–दहिवडीमार्गे संध्याकाळी पोचा, झोपा. ऊसतोडीच्या दिवसांत अंधार पडण्याआधी पोचणं जास्तच गरजेचं. रस्त्यात उसाच्या जोड-ट्रॉल्या असतात आणि अनेकांना मागचा दिवा नसतो.

गाडीत सायकल ठेवताना डिरेलरची बाजू वर. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर ब्रेकच्या फटीत पुठ्ठ्याचा तुकडा घाला. चाक नसताना चुकून लिव्हर दाबला गेला की पॅड आत येऊन बसतात आणि सकाळी चाकच आत जात नाही.

तपासा: रात्रीच सायकल जोडा. चाकाचे क्विक रिलीज (चाक बसवायचे खटके) घट्ट, हँडलचे बोल्ट घट्ट, चाक फिरवल्यावर पॅड घासत नाही, दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलली तर हलत नाही.

टप्पा ७: चढ

सहाच्या सुमाराला निघा. पहिली वीस मिनिटं मुद्दाम हळू चालवा. यवतेश्वरचा घाट शहर संपताच सुरू होतो, पाय तापायला सपाट रस्ता मिळतच नाही. शहरात हवं तर पंधरा मिनिटं फिरून मग घाटाला लागा.

चढ दिसायला लागला की लगेच गिअर हलका करा. पाय अडल्यावर बदलायला गेलात तर चेन जोराखाली अडकते किंवा पडते. एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येतंय का, एवढंच बघा. येत नसेल तर वेग जास्त आहे. बरोबरचा पुढे गेला तर जाऊ द्या, वर भेटेल. वळणावर आतली कड जास्त उभी असते. मागून गाडी नसेल तर बाहेरच्या बाजूनं वळा, असेल तर डावीकडेच राहा. उभं राहून पॅडल मारायचं ते फक्त अंग मोकळं करायला, दहा-वीस फेरे.

थांबायचं तर वळणाच्या पुढे, सरळ रस्त्यावर, डांबराच्या पूर्ण बाहेर.

टप्पा ८: पठाराच्या पुढची झाडी

कास तलावाच्या पुढे झाडी दाटते, गाड्या कमी होतात आणि मोबाइलची रेंज भरवशाची राहत नाही. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. घरच्यांना किंवा मुक्कामाच्या ठिकाणी परतीची वेळ सांगून ठेवा. तातडीला ११२, रुग्णवाहिकेला १०८.

या पट्ट्यात गवा दिसू शकतो. दिसला तर थांबा, घंटी वाजवू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका. तो जाईपर्यंत शंभर मीटर लांब उभे राहा. एक रस्ता ओलांडून गेला म्हणजे कळप संपला असं नाही, दोन-तीन मिनिटं आणखी थांबा. माकडांसमोर पिशवी उघडू नका. पावसाळ्यात गवतात पाय ठेवला की जळवा चढतात. ओढून काढू नका, मीठ लावा, सुटतात. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत. त्या हद्दीतल्या कच्च्या वाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय सायकल घालायची नाही. खाण्याचे कागद परत खिशात.

सावध: इथे एक निर्णय घड्याळावर सोडा. साडेनऊपर्यंत कास गाठलं नसेल तर बामणोलीला उतरू नका. पाय ठीक वाटत असले तरी नाही. परतीचा साडेपाचशे मीटरचा चढ बारानंतरच्या उन्हात येईल.

टप्पा ९: उतार

चढात माणूस दमतो, अपघात मात्र उतारावर होतात. माथ्यावर पाच मिनिटं थांबा. घामानं ओल्या अंगावर विंडचीटर चढवा. गारठायला लागल्यावर नव्हे, आत्ताच, कारण बोटं गारठली की ब्रेक दाबता येत नाही. टायर दाबून बघा, दिवा चालू करा.

रोड बाईक असेल तर हात हँडलच्या खालच्या वळणावर ठेवा. तिथून लिव्हरवर पूर्ण जोर मिळतो. ब्रेक सतत घासत ठेवू नका. रिम ब्रेकमध्ये रिम तापते, आतली हवा तापते आणि ट्यूब फुटू शकते. कार्बनच्या रिमला तर धोका जास्तच. सरळ रस्त्यावर दोन-तीन सेकंद जोरात दाबा, सोडा, रिम थंड होऊ द्या, पुन्हा दाबा. वळण यायच्या आधी सगळा वेग कमी करून टाका. वळणात शिरल्यावर पुढचा ब्रेक दाबला तर चाक घसरतं. बाहेरचं पॅडल खाली, त्यावर अंगाचा भार, नजर वळणाच्या शेवटाकडे. खड्ड्याकडे बघत राहिलात तर खड्ड्यातच जाल.

दिसतंय तेवढ्या अंतरात थांबता येईल एवढाच वेग. सावलीतल्या वळणांवर पाऊस संपून महिना झाला तरी शेवाळ राहतं. ओला पाला, शेण, पांढरे पट्टे आणि गावाजवळचे न रंगवलेले गतिरोधक यांवरून सरळ जा, वळू नका, ब्रेक दाबू नका. रिम ओली असेल तर पहिल्या एक-दोन फेऱ्यांत ब्रेक लागतच नाही. अशा वेळी आधीपासून हलकेच दाबून रिम पुसत राहा.

वळण कापू नका. एसटी आणि मोठ्या गाड्यांना हेअरपिन वळणावर पूर्ण रस्ता लागतो, त्यांना तुम्ही दिसतही नाही. खालून गाडीचा आवाज आला की वळणाच्या आधीच डावीकडे थांबा. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचं, हा नियमही आहे.

पुढचं चाक मऊ लागायला लागलं तर पुढचा ब्रेक सोडा, हँडल सरळ धरा आणि फक्त मागच्या ब्रेकनं थांबा. पंक्चर काढताना रिमला हात लावण्याआधी ती गार होऊ द्या. नवी ट्यूब घालण्याआधी टायरमध्ये आतून पंच्याचं टोक फिरवा, काटा तिथेच असेल तर दुसरी ट्यूबही जाईल.

तपासा: दर चार-पाच किलोमीटरला एकदा थांबून बोटं मोकळी करा. लिव्हर पूर्वीपेक्षा हँडलच्या जवळ येत असेल तर केबल सैल झाली आहे किंवा पॅड संपत आले आहेत. तिथेच केबल ताणा. तरी सुधारलं नाही तर उरलेला उतार चालत उतरा.

टप्पा १०: परतल्यावर

त्याच संध्याकाळी सायकल पुसा, चेन कोरडी करून तेल द्या. घाटातला लाल चिखल वाळून चेनमध्ये बसला की चेन लवकर झिजते. ब्रेकचे पॅड पुन्हा काढून बघा आणि एका घाटात किती झिजले ते लिहून ठेवा. पुढच्या खेपेला नवे कधी घ्यायचे ते त्यावरून ठरतं. सोलापुरात रोज चालवायला ११-३४ ची कॅसेट तशीच ठेवली तरी चालते. टायरमध्ये हवा मात्र पुन्हा थोडी वाढवा आणि दर आठवड्याला बाभळीचे काटे काढत राहा.